डोळे मोठेच राहतील

मित्रांनो, आधी एक करा. एक हात डोक्यामागे न्या आणि मला सांगा, तिथले केस सरळ कापलेत की वाकडे? नाही ना सांगता येत? जे डोके तुम्ही जन्मापासून खांद्यावर घेऊन फिरता, त्याची मागची बाजू तुम्हांला कधीच दिसत नाही. ती दाखवायला माझ्यासारखा कुणीतरी लागतो. मी सलूनमधला मागचा आरसा आहे. जुना आहे, हातात धरायचा आहे, आणि कडेचा एक टवका उडालेला आहे. पण माझी कहाणी ऐकून कुणी हळहळू नका. मी टवक्यासकट मजेत आहे.

मी एका काचेच्या कारखान्यात जन्मलो. मोठ्या काचेतून मला गोल कापले, पाठीला चंदेरी मुलामा चढवला, त्यावर तपकिरी रंगाचा हात फिरवला आणि लाकडी मूठ बसवली. मग तपासनीसांनी मला उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरले. त्यांचे नाक चांगलेच मोठे होते. ते माझ्यात बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बरोबर. हे असंच आहे." माझ्या शेजारच्या आरशात तेच नाक नाजूक दिसले होते. त्या आरशाला त्यांनी बाजूला टाकले. तेव्हाच मला माझे काम कळले.

पुढे मी या सलूनमध्ये आलो. दोन खुर्च्या, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडे, कोपऱ्यात केरसुणी आणि समोरच्या भिंतीवर ठाण मांडून बसलेले दोन मोठे आरसे. त्यांना रोज ओल्या कागदाने पुसतात. मी खिळ्याला लटकतो. सगळी कटिंग मोठ्या आरशांसमोर होते, आणि माझी पाळी येते ती अगदी शेवटी. मानेवरचे केस ब्रशने झटकून झाले की सलूनचे मालक मला उचलतात आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे धरतात. मी त्याची मागची बाजू पकडून समोरच्या आरशात टाकतो.

आणि गिऱ्हाईक काय करते? "छान, छान," म्हणते आणि उठते. नजर असते मोबाइलवर नाहीतर दाराकडे. मान मात्र दोनदा हलते. इतकी वर्षे मी या छान-छानच्या समोर उभा आहे. लोकांना वाटते मी कौतुकासाठी आहे. मित्रांनो, कौतुकाला आरसा कशाला लागतो? ते तर डोळे मिटूनही करता येते.

अपवाद फक्त एक. पलीकडच्या चपलांच्या दुकानाचे मालक. त्यांचे डोके नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत आहे, कानांच्या वर तेवढी एक झालर उरली आहे. सगळे त्यांना गोटामामा म्हणतात, आणि त्यांनाही ते आवडते. ते मात्र माझ्यात नीट बघायचे. मान इकडे करायचे, तिकडे करायचे.

"डाव्या कानामागे जरा जास्त गेलंय," ते म्हणायचे.

"मामा, तिथे होतंच किती?" मालक म्हणायचे.

"म्हणूनच सांगतोय. ज्याच्याकडे कमी, त्याला हिशेब जास्त."

मालक हसून उजवी बाजू सारखी करायचे. ते एकदा म्हणाले होते, "सांगणारं गिऱ्हाईक परत येतं. गप्प बसणारं दुसऱ्या दुकानात जातं." हे ते बोलले आपल्या मुलीशी. आता तिच्याबद्दल सांगतो.

पेन्सिलीचे टोक कुरतडत बसायची तिला सवय, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणतात. शाळा सुटली की ती सलूनमध्ये येते, बाकड्याच्या टोकाला अंग मुडपून बसते आणि गुडघ्यावर वही ठेवून चित्रे काढते. तिची चित्रे जपानी ॲनिमे कार्टूनमधल्यासारखी. बशीएवढे डोळे, त्यांत चमचमणारे ठिपके, टोकदार हनुवटी, आणि सतत वाऱ्यावर उडणारे केस. सलूनमधला पंखा बंद पडला तरी तिच्या कागदावरचा वारा कधी पडत नाही. चित्र झाले की त्याचा फोटो ती मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकते. तिकडून लगेच बदामांचा पाऊस पडतो. आईला दाखवले तर आई म्हणते, "माझं बाळ ते." हेही चित्राबद्दलचे मत नव्हेच.

एके दिवशी मालकांनी दुकानाचे शटर घासून रंगवून घ्यायचे ठरवले. जुना रंग पोपडे धरून निघत होता. पेंटरला सांगून झाले होते की सुट्टीच्या दिवशी ये आणि भांग पाडलेला एक छानसा माणूस काढ. खारूताईने पेन्सिल खाली ठेवली.

"बाबा, शटर मला द्या."

"तुला? अगं, ते शटर आहे. वही नाही, पान उलटायला."

"माहितीये. म्हणूनच मागतेय."

मालकांनी कात्री थांबवली. मुलीचा चेहरा त्यांनी मोठ्या आरशातून पाहिला. "बरं. आधी कागदावर काढ. इथे मागच्या भिंतीवर लाव. माझी गिऱ्हाइकं पास करतील तर शटर तुझं. नाहीतर पेंटरचं. आणि रुसायचं नाही."

"नाही रुसणार."

ती रुसली, मित्रांनो. त्याचीच ही गोष्ट आहे.

तिने मोठ्या कागदावर एक मुलगा काढला. उडते केस, त्यातली एक बट अर्ध्या चेहऱ्यावर. एक डोळा त्या बटेखाली झाकलेला, दोन्ही हात खिशात. चित्र भिंतीवर लागले. खुर्चीत बसलेल्या माणसाला ते समोरच्या आरशात दिसायचे, म्हणजे डाव्याचे उजवे होऊन. पहिले गिऱ्हाईक छान-छान म्हणाले. दुसरे म्हणाले, "कार्टून वाटतं." मग गोटामामा खुर्चीत बसले.

"हा डोळा खाली का आलाय?"

"कुठे आलाय?" खारूताई बाकड्यावरून म्हणाली.

"हा काय. जेवायला निघाल्यासारखा घसरलाय. आणि दुसरा कुठाय?"

"केसांखाली. ती स्टाइल आहे मामा."

"एकाच डोळ्याला स्टाइल? माझ्या दुकानात बुटाच्या जोडीतला एकच बूट दिला, तर गिऱ्हाईक तो माझ्या डोक्यात घालेल. आणि तिथे लपायला केसही नाहीत. हात कुठायत?"

"खिशात."

"थंडी आहे वाटतं."

दुकान हसले. मालकही हसले, आणि तेच तिला जास्त लागले. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आत्या चहा घेऊन आली. तिनेही चित्राकडे पाहिले. "मी तर कधीची सांगतेय, नॉर्मल काढ. एवढे डोळे कुणाचे असतात? बघणाऱ्याला भीती वाटेल."

खारूताई उठली. तिचे कान लाल झाले होते. "तुमचे आरसे जुने झालेत," ती म्हणाली. "वाकडं दाखवतात. माझा डोळा सरळ आहे." आणि साक्षीला म्हणून तिने मला खिळ्यावरून काढले. भिंतीकडे पाठ केली, मला खांद्याच्या वर धरले आणि माझ्यातून चित्राकडे पाहिले.

रोज त्याच बाजूने पाहून तिच्या नजरेला ते चित्र सवयीचे झाले होते. माझ्यात ते उलटे दिसले, परक्या माणसाने काढल्यासारखे. आणि परक्याची चूक लगेच दिसते. डोळा घसरला होता. हनुवटी त्याच्यामागे निघाली होती. खांदे तर केव्हाच पुढे गेले होते.

त्या क्षणी मी तिला हवे ते दाखवू शकलो असतो का? नाही. आणि शक्य असते, तरी दाखवले नसते.

"तूसुद्धा," ती मला म्हणाली आणि तिने मला आपटले. काउंटरच्या कडेला माझी कड लागली, टवका उडाला. तिने चित्र भिंतीवरून काढले, काउंटरच्या खणात टाकले आणि त्यावर मला पालथे घातले. खण बंद झाला.

मित्रांनो, आरशाला खण म्हणजे काय ते सांगतो. माझे तोंड कागदावर होते आणि कागदावर तो एक मोठा डोळा. अंधारात आम्ही दोघे नाकाला नाक लावून पडलो. तोही सरळ नव्हता आणि मीही अखंड नव्हतो. पण दोघांनाही एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मला पालथे घालून डोळा वर चढणार नव्हता.

मालकांना काम होते, त्यांनी मला लवकरच बाहेर काढले. टवक्यावर चिकटपट्टी लावली आणि परत खिळ्याला टांगले. खारूताई येत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. पेंटर यायला थोडेच दिवस उरले होते. तिने आत्याचे ऐकले होते. नवा कागद, नवा माणूस. बेताचे डोळे, बेताचे नाक, चापून बसवलेले केस. हात नव्हतेच, चित्र छातीपर्यंतच होते. एका मासिकातल्या फोटोवरून तिने ते उतरवले होते. डोळे अगदी सरळ होते. फोटोतले होते ना ते.

चित्र भिंतीवर लागले. एक गिऱ्हाईक उठायला आले तेव्हा मालकांनी मला त्याच्या डोक्यामागे धरले. "छान, छान," तो म्हणाला, मान दोनदा हलली, नजर दाराकडे.

"आणि ते चित्र?" मालकांनी विचारले.

"छान, छान." मान तशीच दोनदा हलली. नजर दारातच.

खारूताईने हे पाहिले. पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी तिने मुद्दाम लक्ष ठेवले. पुन्हा तेच. तिच्या तोंडातली पेन्सिल थांबली.

"बाबा, यांनी बघितलंच नाही."

"अगं, पास करतायत ना सगळे. तुला शटर मिळालं."

"ते मागचे केसही न बघताच पास करतात."

तेवढ्यात गोटामामा आले. खुर्चीत बसून त्यांनी आरशातले चित्र नीट पाहिले. तिने पेन्सिल दातांत घट्ट धरली होती, हे मला खिळ्यावरून दिसत होते.

"चूक काही नाही," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "कुणाचं आहे?"

"माझं."

"मग खाली नाव लिही. नाहीतर कळायचं नाही."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटले नव्हते. म्हणूनच ते तिला जास्त झोंबले. ती उठली आणि पास झालेले चित्र भिंतीवरून ओढून काढले.

"अगं, काय करतेस?" मालक म्हणाले. "पेंटरला मी येऊ नको म्हणून सांगणार होतो."

"नका सांगू. येऊ दे त्याला."

"आणि तू?"

"मी माझं काढते. नापास झालं तरी माझं असेल."

तिने खण उघडला, पहिले चित्र काढून परत भिंतीवर लावले. मग माझ्यासमोर आली. टवक्यावरच्या चिकटपट्टीवरून तिने अंगठा फिरवला. माफी वगैरे मागितली नाही. मला ते आवडले. तिने मला उचलले, चित्राकडे पाठ केली आणि या वेळी सावकाश पाहिले. घाई नव्हती, भांडण नव्हते. मग तिने वहीतली जुनी चित्रेही एकेक करून माझ्यापुढे धरली. सगळ्यांचे डोळे एकाच बाजूला घसरले होते, जणू सगळी मंडळी एकाच वळणावरून चाललेल्या बसमध्ये उभी होती.

"बाबा, सगळीच एका बाजूला कलतात."

मालक कंगवा हातात घेऊन आले. त्यांनी चित्रे पाहिली, बाकडे पाहिले. "बस बरं तिथे. रोज बसतेस तशी." ती बसली. अंग मुडपून, एक गुडघा वर, त्यावर उतरती वही. मालकांनी मोठ्या आरशाकडे बोट दाखवले. तिने स्वतःकडे पाहिले आणि तिला हसू आले. कागदाआधी तीच कलली होती.

सलूनमध्ये एक फळी असते. लहान मुलांची कटिंग करताना ती खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकतात आणि पोराला वर बसवतात. मालकांनी ती फळी रिकाम्या खुर्चीवर टाकली. "ह्यावर कागद ठेव. पाठ सरळ. गिऱ्हाईक आलं की उठायचं."

आणि मग ते म्हणाले, "मी एकदा जास्त कापलं की संपलं. कापलेले केस परत चिकटवता येत नाहीत. तुझ्याकडे खोडरबर आहे. घाबरतेस कशाला?"

ती कामाला लागली. हातात तांबडी पेन्सिल, तोंडाने पुटपुटणे. मला सगळे ऐकू यायचे. "डोळा खाली आहे, ही चूक. डोळे मोठे आहेत, ही चूक नाही. वारा माझा आहे. बट..." बटेपाशी ती थांबली. गोटामामा दाढीचा फेस गालावर घेऊन शेजारच्याच खुर्चीत होते.

"बटेखाली काय दडवलंस?" ते म्हणाले.

"दुसरा डोळा मला पहिल्यासारखा काढता येत नाही."

"आणि खिशात?"

"हात येत नाहीत मला."

सगळ्या दुकानासमोर ती हे बोलली. छत कोसळले नाही. एक गिऱ्हाईक म्हणाले, "हात कुणालाच येत नाहीत, पोरी," आणि पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले.

मग तिने मला डाव्या हातात धरले, मोठ्या आरशासमोर बसली आणि आरशातला तो हात उजव्या हाताने काढू लागली. माझी मूठ धरलेली चार बोटे, आडवा अंगठा. पहिला हात केळ्यांच्या फणीसारखा झाला. दुसरा हातमोज्यासारखा. तिने ग्रुपवर तो टाकला, बदाम आले. तिने फोन पालथा घातला आणि मला सरळ केले. काढायची, माझ्यात उलटे बघायची, खोडायची. फळीवर रबराचा चुरा साचायचा, मालक तो केसांबरोबर झाडून टाकायचे. आत्या चहा द्यायला यायची, तेव्हा म्हणायची, "अजून ते डोळे आहेतच का?"

"आहेत आत्या. मोठेच राहतील."

"मला नाही आवडत."

"चालेल. पण वाकडे दिसले तर सांग."

आत्याने प्रथमच वाकून नीट पाहिले. "वाकडे नाहीत," ती नाइलाजाने म्हणाली. "मोठे आहेत."

पेंटर यायच्या आदल्या दिवशी नवे चित्र भिंतीवर लागले. एक मुलगी, वाऱ्यावर उडणारे केस, पण बट मागे सारलेली. दोन डोळे, दोन्ही बशीएवढे, दोन्ही उघडे. आणि खिशाबाहेर काढलेला एक हात, त्या हातात एक आरसा.

त्या दिवशी एकानेही छान-छान म्हटले नाही. एक म्हणाला डोळे फार आहेत. दुसरा म्हणाला फार कसले, बघतेय बघ कशी आपल्याकडे. तिसऱ्याचे केस अर्धे कापलेले, तो खुर्चीत वळून वळून बघत होता आणि मालक त्याचे डोके पुन्हा पुन्हा सरळ करत होते. मालक मात्र अस्वस्थ झाले. निम्मे पास, निम्मे नापास. असे चित्र शटरवर काढायचे कसे?

शेवटी गोटामामा आले. त्यांनी आधी चित्र आरशात पाहिले. मग खुर्ची गर्रकन फिरवायला लावली आणि सरळ भिंतीकडे पाहिले.

"दोन्हीकडून सारखे आहेत. मोठे आहेत, पण जोडीचे आहेत."

खारूताई पेन्सिल कुरतडू लागली.

"अंगठा लांब आहे."

मालकांनी मुलीकडे पाहिले. मला ठाऊक आहे त्यांना काय वाटले असेल, कारण मीही खिळ्यावर अंग चोरले होते. खारूताई उठली, भिंतीपाशी गेली आणि आपला हात चित्रातल्या हाताशेजारी धरला. अंगठा बघितला. चित्रातला बघितला, आपला बघितला.

"हो. लांब आहे," ती म्हणाली. आणि तिथेच, उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर खोडरबराने तो खोडला.

मालकांनी फोन उचलला. "पेंटरभाऊ, उद्या येताना फक्त रंग आणि ब्रश घेऊन या. काढणारी इथेच आहे."

"बाबा, अजून सगळ्यांनी पास कुठे केलंय?" ती म्हणाली.

"नको करू देत. जिला खोडता येतं, तिच्या हातात शटर द्यायला मला भीती नाही."

मित्रांनो, ते शटर आज तुम्हांला बघायचे असेल, तर दुकान बंद झाल्यावर या. दिवसभर ती मुलगी गुंडाळी होऊन छताशी झोपते आणि कुलूप लागले की रस्त्यावर डोळे उघडते. लोक थांबतात. काही जण म्हणतात, कसले हे डोळे. खारूताई दारात असली तर म्हणते, "मोठे आहेत ना? मुद्दाम काढलेत." आणि कुणी म्हणाले की मानेची रेघ जरा जाड झालीये, तर ती दोन पावले मागे सरते, बघते आणि म्हणते, "हो, झालीये खरी." दोन्ही उत्तरांत तिचा आवाज सारखाच असतो. मला तिचा हाच गुण सगळ्यांत जास्त आवडतो.

चित्रातल्या त्या हातात मी आहे. माझ्या कडेला टवका आहे, चिकटपट्टीसुद्धा आहे. मालक म्हणाले होते, "अगं, अख्खा काढायचास ना." ती म्हणाली, "मग तो हा नसता झाला."

मला जपून ठेवा असे मी म्हणणार नाही. आरसा फुटायचा तेव्हा फुटतोच. मला रोज पुसलेच पाहिजे असेही नाही. तुम्ही माझ्यावर रागवा, भांडा, तुमचे जे आहे ते हट्टाने तुमचेच ठेवा, त्याला मी हात लावणार नाही. डोळे केवढे काढायचे हे ठरवायला मी कोण? पण ते सरळ आहेत का, एवढे मला विचारत जा. आणि उत्तर नाही आवडले, तरी मला पालथे घालू नका.